जुडग्याखालची दोन पानं

नेव्हचा हात किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेला आणि मधेच थांबला. झालं एवढंच. टेबलाशी बसलेल्या दुसऱ्या कुणाच्या ते लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. ग्लेनिस पानं वाटायला बसली होती, ती मधली तीन उघडी पानं बोटांनी सरळ करत होती. झोरान नुकताच हरला होता आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहून व्हिनेगर मारलेले बटाट्याचे तुकडे खात होता. नेव्हचा हात जरा वेळ तसाच हवेत राहिला, आणि मग आपण यासाठीच निघालो होतो अशा थाटात त्यानं बिअरचा ग्लास उचलला. ग्लास रिकामा होता. तरी तो त्यातून प्यायला, ओठ पुसले, ग्लास खाली ठेवला.

नेव्ह, म्हणजे माझा नवरा, आपली पानं एकदाच बघतो. आमच्या क्लबात हे सगळ्यांना ठाऊक आहे, जसं तिथल्या बिस्ट्रोतलं, म्हणजे खानावळीतलं, तळलेलं श्निट्झेल नेहमी एका बाजूनं करपलेलं असतं हे ठाऊक आहे. वाटलेल्या दोन पानांचे कोपरे तो अंगठ्यानं किंचित उचलतो, बघतो, त्यांच्यावर क्लबाच्या बसच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवतो आणि हात छातीशी बांधून बसतो. मग डाव संपेपर्यंत जुडगा हलत नाही. ज्यांना पुन्हा पुन्हा पानं बघायची सवय असते त्यांची तो टर उडवतो. "ज्याला स्वतःची दोन पानं लक्षात राहत नाहीत, तो सकाळी उठून बायकोचं तोंडही ओळखीचं आहे का ते बघत असेल," असं तो वर्षानुवर्षं म्हणत आला आहे, आणि लोक वर्षानुवर्षं हसत आले आहेत. मीही हसायची. गेल्या काही महिन्यांत मात्र त्यानं हा विनोद केलेला नाही, हे मला त्या क्षणी, त्या रिकाम्या ग्लासाकडे बघताना जाणवलं.

त्याला आपली पानं आठवत नव्हती. मला हे इतक्या खात्रीनं कळलं की कुणी कानात येऊन सांगितल्यासारखं वाटलं. बघावीत तर सगळ्यांना दिसणार, की नेव्ह दुसऱ्यांदा बघतोय. न बघावीत तर खेळणार कशावर? तो माझ्याकडे बघत होता. खेळताना तो नेहमीच समोरच्याकडे बघतो, त्यात नवं काही नव्हतं, पण आज त्याच्या बघण्यात काहीतरी चाचपडत होतं, अंधारात दिव्याचं बटण चाचपडावं तसं. आणि हा डाव आटोपला की हाच माणूस तो जुडगा उचलून खाली जाणार होता, क्लबाच्या छोट्या बसमध्ये दहाएक म्हातारी माणसं भरणार होता आणि त्यांना घरोघर सोडून, शेवटी वर डोंगरावर राहणाऱ्या दोघांना सोडायला ती बस काळोखात घाटानं वर नेणार होता. मला खरी भीती पानांची नव्हती, त्यांच्यावरच्या वजनाची होती.

खेळ तसा पोरकट. माजी सैनिकांच्या क्लबात दर मंगळवारी दुपारी होतो. पैसे लावायचे नाहीत, सगळ्यांना सारख्या प्लॅस्टिकच्या चकत्या. ज्याच्या सगळ्या गेल्या तो उठला, शेवटी उरेल त्याला मांसाचा एक ट्रे मिळतो, सॉसेज, चॉप्स आणि वर शोभेला कोथिंबिरीसारखं काहीतरी. त्या दिवशी शेवटी आम्ही दोघंच उरलो होतो. "लढा लढा," झोरान म्हणाला होता, "ट्रे कुणीही जिंकला तरी जाणार एकाच फ्रिजात." पोकर माहीत नसलेल्याला सांगायचं तर इतकंच, की आपली दोन पानं उपडी, मधली पाच सगळ्यांची, त्यातून ज्याची जोडणी भारी तो जिंकला. पण जोडणी उघडून दाखवायची वेळ क्वचितच येते. बहुतेक वेळा एकजण जोर लावतो, चकत्यांचा ढीग पुढे ढकलतो, दुसरा घाबरून पानं टाकतो, आणि पहिल्याकडे खरंच काही होतं का हे कुणाला कधीच कळत नाही. आमचा संसारही असाच झाला. मी पानं टाकत आले. त्याच्याकडे काय होतं ते मी कधी बघितलंच नाही.

शिकवलं मात्र त्यानंच. पोलादाच्या कारखान्यात संप चालला होता तो हिवाळा, घरात दोन लहान मुलं झोपलेली, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही काड्यापेटीतल्या काड्या लावून खेळायचो, कारण दुसरी कसली चैन परवडत नव्हती. तो तेव्हा क्रेन चालवायचा. वितळलेल्या पोलादानं काठोकाठ भरलेलं घराएवढं भांडं खालच्या माणसांच्या डोक्यांवरून न्यायचं आणि थेंब सांडायचा नाही, असलं काम. झोरान त्या खालच्या माणसांपैकी एक. अजून सांगतो, "नेव्ह वर असला की मी मान वर करून बघायचोदेखील नाही." असा माणूस. पानं टेबलावर आपटून तो मला म्हणाला होता, "नोली, पानं बघून जोर लावतो तो गाढव. चांगली पानं आल्यावर कुणीही लावेल. समोरच्या माणसाकडे बघ. त्याला काहीतरी सांभाळायचं आहे असं दिसलं, की लाव. तो टाकणारच."

"आणि मलाच काही सांभाळायचं असलं तर?"

"तर तू टाक. रडायचं नाही."

मला नेहमीच काहीतरी सांभाळायचं असायचं. मुलं, घरातली शांतता, शेजारणीचं मत, त्याचा स्वभाव. नवी गाडी कुठली घ्यायची, मुलीनं पर्थच्या पोराशी लग्न करून इतक्या लांब जावं का नाही, माझ्या आईला आमच्याकडे आणायचं की वृद्धाश्रमात ठेवायचं, प्रत्येक वेळी तो ढीग पुढे ढकलायचा आणि मी टाकायची. मला याचा राग यायचा नाही असं नाही. यायचा, खूप यायचा, पण भांडी घासून झाली की तो ओसरायचा. एक मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो ऊठसूट जोर लावायचा नाही. क्लबातही तासन्‌तास गप्प बसून पानं टाकत राहायचा, लोक म्हणायचे म्हातारा झोपला की काय, आणि मग एकदाच, नेमक्या वेळी, नेमक्या माणसाच्या अंगावर जायचा. ती वेळ त्याला कुठून कळायची देव जाणे. मला त्या गोष्टीचा अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो.

या उन्हाळ्यापासून ते बदललं. आता तो प्रत्येक डावात जोर लावतो. लोक गडबडून जातात, टाकतात, आणि तो जिंकतो. मांसाच्या ट्रेंनी आमचा फ्रीज भरला आहे. "नेव्ह फॉर्मात आहे," असं सगळे म्हणतात, आणि पहिले काही आठवडे मीही खूष होते. मग एक दिवस घरी तो माझ्यावर ओरडला, साखर कुणी हलवली म्हणून. साखर जागच्या जागी होती, तो भांड्यांच्या कपाटात शोधत होता. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला तेव्हा तिच्या नवऱ्याचं नाव त्याच्या ओठांवर येईना, तर त्यानं त्या बिचाऱ्याला इतक्या शिव्या घातल्या की नाव घ्यायची वेळच आली नाही. मग बसमध्ये ग्लेनिसची गल्ली मागे टाकून तो सरळ पुढे गेला, आणि ती म्हणाली, "अरे, माझं घर राहिलं की," तर याचं तयार उत्तर, "तुला फुकटात समुद्र दाखवतोय, बाई, तक्रार कसली करतेस?" सगळी बस हसली. मी खिडकीतून बाहेर बघत बसले होते, आणि मला एकदम दिसलं की हे सगळं एकच आहे. साखर, जावई, समुद्र आणि मंगळवारचे ट्रे. त्याच्या हातात काही नसलं की तो अंगावर येतो. आणि जग त्याच्यापुढे पानं टाकत चाललं आहे, कारण जगाला त्याची जुनी पत माहीत आहे.

मी कुणाला बोलले नाही. डॉक्टरचं नाव काढलं एकदा, तर तो म्हणाला, "डॉक्टरकडे जाऊन काय सांगू, माझी बायको कंटाळली आहे म्हणून?" मी टाकली. पण मागच्या मंगळवारची गोष्ट मी टाकू शकले नाही. डोंगरावरच्या दोघांना सोडून आम्ही खाली येत होतो, त्या दिवशी झोरानही गंमत म्हणून वरपर्यंत आला होता. उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी डावीकडे एक वाट काढून ठेवली आहे, वाळूनं भरलेली, म्हणजे ट्रक तिच्यात घुसून रुतून थांबावा. नेव्हनं आमची बस रस्ता समजून त्या वाटेकडे वळवली. वाळूच्या तोंडाशी ती थांबली. दिव्यांच्या झोतात ती वाळू पांढरी, सपाट, कुठेच न जाणारी दिसत होती. "काय रे?" झोराननं विचारलं. "मुतायला," नेव्ह म्हणाला, आणि खरंच उतरून झाडाशी जाऊन आला. झोरान हसला. मी मागच्या सीटवरून नेव्हचे स्टिअरिंगवरचे हात बघितले होते. क्रेन चालवणारे हात, थेंबही न सांडणारे, आणि ते थरथरत होते.

"नोएलीन, तुझी पाळी," ग्लेनिस म्हणाली. मधे बदामचा राजा, एक नव्वी आणि एक चव्वी उघडी पडली होती. माझ्या हातात किलवरचा राजा आणि एक दश्शी, म्हणजे राजाची जोडी. बरी पानं होती. मी काही म्हणणार एवढ्यात क्लबातले दिवे मंद झाले. सहा वाजले. जुगाराच्या नाणी खाणाऱ्या यंत्रांचा किणकिणाट बंद पडला, टीव्ही गप्प झाले, बिस्ट्रोत वाजणारी ताटंसुद्धा थांबली, आणि सगळेजण खुर्च्या मागे सारून उभे राहिले, दाराजवळच्या नावांच्या भिंतीकडे तोंड करून. रोज होतं हे. युद्धात गेलेल्यांसाठी चार ओळी म्हटल्या जातात आणि मग सगळे मान खाली घालून गप्प उभे राहतात. या वेळी डाव असेल तसा थांबतो, कुणी पानाला हात लावत नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही, लिहायची गरजच नाही. त्या भिंतीवर नेव्हचं नावही आहे. नाव त्याच्या काकाचं, न्यू गिनीच्या चिखलात राहिला तो, पण काकावरूनच याचं ठेवलं, तेव्हा पूर्ण नाव, आडनावासकट, याचंच. लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं मला ते दाखवलं तेव्हा मी शहारले होते. तो म्हणाला होता, "फायद्याचं आहे. माझ्या वेळी पुन्हा कोरावं लागणार नाही."

मी मान खाली घालून उभी होते आणि मला मेलेले आठवत नव्हते, मला येणारा तास दिसत होता. घाट, धुकं, ग्लेनिसचे मांडीवरच्या पर्सवर ठेवलेले हात, झोरानची ती वर न बघायची सवय. बोलायला हवं होतं. पण काय बोलणार? सगळ्यांसमोर म्हणू, की माझा नवरा विसरायला लागला आहे? तो ओरडेल, सगळे माझ्याकडे बघतील, आणि मी नेहमीसारखी टाकीन. मग मला सुचलं की मी बोलायचीच गरज नाही. पानंच बोलतील. मी सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या, की त्याला उत्तर द्यावं लागेल. माझ्यापुढे तो आजवर कधी टाकत आला नाही, सगळ्यांसमोर तर टाकणारच नाही. तो "बघतो" म्हणेल, म्हणजे माझ्याइतक्याच चकत्या लावेल, पानं उघडायला लागतील, आणि त्याच्या तोंडून भलतंच काही निघेल किंवा त्याचा चेहराच सांगेल, आणि मग जे सगळ्यांनी बघितलं ते मला सांगावं लागणार नाही. आपल्याच नवऱ्याबद्दल मी इतकं थंडपणे विचार करत होते याची मला लाज वाटली. आणि त्या शांततेत, जिथे कुणी खोकतसुद्धा नाही, किल्ल्या वाजल्या.

अगदी हलका आवाज, एकदाच. मी मान न उचलता डोळे वळवले. नेव्ह भिंतीकडे तोंड करून ताठ उभा होता, पण त्याचा उजवा हात मागे टेबलावर होता आणि जुडगा पानांवरून सरकलेला होता. तो अंगठ्यानं कोपरे उचलत होता. त्या क्लबात, त्या मिनिटात, त्या नावापुढे. एवढ्या वर्षांत मी त्याला त्या मिनिटात नाक खाजवतानाही बघितलं नव्हतं. आणि उजेड इतका कमी होता की त्याला पानं दिसणं शक्यच नव्हतं. त्यानं मान वळवली, आमची नजरानजर झाली, आणि त्यानं हात काढून घेतला. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. तिथून पळून जावं असंही वाटलं.

दिवे लागले. यंत्रं पुन्हा किणकिणायला लागली. "कोण रे तो किल्ल्या वाजवत होता?" पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी चिडून विचारलं. नेव्ह गर्रकन वळला आणि झोरानकडे बोट दाखवून म्हणाला, "याला सांगा. खिशात हात घालून उभा राहतो, गाढव."

"मी?" झोरान म्हणाला. "माझ्या हातात बटाटे आहेत, लेका."

"म्हणूनच म्हणतो, इथे खायची वेळ आहे का ही?"

झोरान हसला, पण पूर्ण हसला नाही. मी बसले. मग दोन्ही हातांनी माझ्या सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या. काही घरंगळून ग्लेनिसच्या मांडीवर पडल्या.

"आईशप्पत," ग्लेनिस म्हणाली. "नोएलीननं जोर लावला."

"उन्हात बसली होती का ही दुपारी?" झोरान.

नेव्ह माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला कधीच अशी भेटले नव्हते. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, तिथे हिशेब सुरू झाला होता, जुना, ओळखीचा, आणि मग तो हिशेब मधेच कुठेतरी सुटला. "बघतो," तो म्हणाला, फार मोठ्यानं.

मी राजा आणि दश्शी उलटी केली. ग्लेनिसनं उरलेली दोन पानं उघडली, एक सत्ती आणि एक दुर्री, कुणाच्या कामाची नव्हती. "दाखव, नेव्ह."

"राण्या," तो म्हणाला. "दोन राण्या." राण्या मागच्या डावात होत्या, ज्या डावात त्यानं झोरानला उठवलं. ग्लेनिसच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना कळणार. त्यानं जुडगा बाजूला केला आणि पानं उलटी केली. दोन चव्व्या होत्या. मधली धरून तीन. माझ्या राजांच्या वर.

क्षणभर त्याचा चेहरा उघडा पडला. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरलेल्या माणसाचा चेहरा. मग झोरान टेबलावर थाप मारून हसायला लागला, "राण्या म्हणे! काय नाटकी म्हातारा आहे, बायकोला पण सोडत नाही!" आणि ग्लेनिस हसली, पलीकडचं टेबल हसलं, आणि नेव्ह त्या हसण्यात हळूहळू शिरला, कोटाच्या बाहीत हात घालावा तसा. "राणी समोर बसली आहे, आणखी दोन कशाला हव्यात," तो म्हणाला. कुणीतरी ट्रे आणून त्याच्यासमोर ठेवला. कुणाला काही कळलं नव्हतं. चव्व्यांनी त्याला वाचवलं होतं, आणि बस खाली उभी होती.

त्याचा हात किल्ल्यांकडे गेला. मी माझा हात आधी ठेवला. जुडगा थंड होता. माझ्याकडे आता एकही चकती नव्हती, एकही पान नव्हतं.

"आज मी चालवते."

"हात काढ, नोली. उशीर होतोय लोकांना."

"मी चालवते म्हटलं ना."

"तू? तुला उलटी घेता येत नाही ती बस." लोकांकडे बघून, हसत. "सॉसेज गेले म्हणून रुसली आहे."

मी हात काढला नाही. मला त्याचं शिकवणं आठवत होतं, घाबरलेला माणूस श्वास धरतो, म्हणून मी श्वास घेत राहिले. त्याचं हसू विरत गेलं. तो थोडा पुढे वाकला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "काय आहे तुझ्याकडे?"

"बघायचंय?" मी म्हणाले. "बघ की. इथंच, सगळ्यांसमोर उघडते."

त्यानं माझ्या चेहऱ्यावर ते सगळं शोधलं जे तो आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यांवर शोधत आला होता. त्याला सांभाळायचं होतं. ते मला स्वच्छ दिसत होतं, काचेतून दिसावं तसं, आणि मला कळलं की जोर लावायची वेळ कशी कळते. कळते तेव्हा आनंद होत नाही. त्यानं दोन बोटांनी जुडगा माझ्याकडे सारला, पानं टाकतात तसा. "टाकली," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "चला रे, आज म्हातारीला हौस आली आहे. विमा काढला असेल तरच बसा."

मी सगळ्यांना सोडलं. ग्लेनिसला तिच्या गल्लीत, झोरानला त्याच्या फाटकाशी. उतरताना झोराननं खिडकीवर हात ठेवून माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "ठीक आहे ना सगळं, नोएलीन?" मी हो म्हटलं. डोंगरावरच्या दोघांनाही सोडलं आणि बस उताराला लावली. धुकं होतं. आता आम्ही दोघंच, तो शेजारी, ट्रे मांडीवर घेऊन.

"मी बघतो म्हटलं असतं," तो म्हणाला, "तर बोलली असतीस?"

"हो." ते खरं होतं का ते मला अजून माहीत नाही.

"खोटं. तुझ्याकडे काहीच नव्हतं. मला दिसत होतं."

"मग टाकली कशाला?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "माझ्याकडेही नव्हतं," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, क्रेनवरून उतरून दमून घरी आल्यावर असायचा तसा. मी एक हात सोडून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्यानं त्यावर आपला हात ठेवला. मला रडू आलं, पण रस्ता दिसायला हवा होता म्हणून मी ते आवरलं. वाटलं, आता डॉक्टरकडे जाऊ, मुलीला फोन करू, जे आहे ते उघडून ठेवू, दोघं मिळून बघू. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघांनी पानं उघडी केली होती. असं मी काही वळणं मानून चालले.

मग तो कोटाचे खिसे चाचपायला लागला. आधी डावा, मग उजवा, मग पँटचे. ट्रे मांडीवरून घसरून खाली पडला, त्याला कळलं नाही. "नोली," तो म्हणाला, "बसच्या किल्ल्या कुणी घेतल्या?"

बस चालू होती. जुडगा माझ्या गुडघ्याजवळ लटकत होता आणि प्रत्येक वळणाला वाजत होता.

"माझ्याकडे आहेत."

"तुझ्याकडे कशाला? दे इकडे." आवाजाला पुन्हा ती धार आली होती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो नाटक करत नव्हता. टाकली म्हणालेला माणूस, माझ्या हातावर हात ठेवलेला माणूस, कुठे नव्हता. "ऐकू येत नाही का? तुला घाटात गाडी आवरायची नाही. दे म्हटलं ना," असं म्हणून तो वाकला आणि त्यानं लटकता जुडगा मुठीत धरला. उतारावर इंजिन बंद पडलं तर काय होतं हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं, एके काळी.

"हात काढ," मी ओरडले. तो आवाज माझा नव्हता, त्याचाच होता, साखरेच्या वेळचा, मी तो इतकी वर्षं ऐकून पाठ केला होता. त्यानं हात झटकन मागे घेतला. दाराकडे सरकून बसला आणि माझ्याकडे बघायला लागला. मला कुणी घाबरल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच्या खाली कुठेतरी थोडं बरंही वाटलं, ते मी लपवत नाही. डावीकडे ती वाळूची वाट आली, पांढरी, सपाट, आणि मागे गेली. उद्या सकाळी तो पुन्हा किल्ल्या शोधेल. मला पुन्हा जोर लावावा लागेल, त्याला तो पुन्हा नवाच असेल, आणि त्यानं एकदा टाकली होती हे फक्त मला आठवत असेल.

"आपण कुठे चाललोय?" त्यानं हळूच विचारलं.

"घरी," मी म्हणाले. उतार अजून निम्मा बाकी होता.